हॅलबर्ड घ्यावा की पार्टिझन?

संग्रहासाठी जुन्या युरोपीय दांड्याच्या शस्त्रांपैकी पहिलंच घ्यायचं, तर घोळ बहुधा तिघांत होतो: हॅलबर्ड, पार्टिझन आणि पाइक. (पाइक म्हणजे इथे शिपाई नव्हे, त्याच्या हातातला सुमारे 5 मीटरचा भाला.)

पाइक आधीच बाजूला ठेवा. त्याची ताकद दाट रांगेत. एकटा हातात घेतला की नुसता वासा. ओझं कमी व्हावं म्हणून शिपाई स्वतःच दांडा कापत, त्यामुळे अखंड नग दुर्मीळ. मिळालाच तर टांगणार कुठे?

हॅलबर्डला पुढे कुऱ्हाडीचं पातं, मागे आकडा, वर अणी. घाव घालायचा, घोडेस्वाराला खाली ओढायचं, भोसकायचं, सगळं एकाच दांड्यावर. 1315 साली मॉरगार्टनच्या लढाईत स्विस लोकांनी ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या सरदारांची दाणादाण उडवली, तेव्हा हेच शस्त्र त्यांच्या हातात होतं. पुढे पाइक आणि बंदुकांनी त्याचं काम बळकावलं. मग सोळाव्या शतकात अणी लांबत गेली, पातं लहान होऊन चंद्रकोरीसारखं आत वळलं, त्यावर नक्षीची भोकं आली. म्हणून लढाईतलं शस्त्र हवं असेल तर जाड, बिननक्षीचं पातं शोधा, दिसायला ओबडधोबड असलं तरी.

पार्टिझन म्हणजे रुंद, दुधारी पात्याचा भाला, पात्याच्या बुडाशी दोन पंख. अधिकारी आणि राजवाड्यांचे पहारेकरी तो मिरवत. टॉवर ऑफ लंडनचे रक्षक समारंभात आजही मिरवतात. कोरीवकाम, सोनेरी मुलामा हवा तर हाच घ्या.

हॅलबर्ड घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. एकोणिसाव्या शतकात भिंती सजवायला त्याच्या भरपूर नकला निघाल्या. पातं सगळीकडे एकाच जाडीचं असेल, तर ते पत्र्यातून कापलेलं. अस्सल पातं बुडाशी जाड असतं आणि धारेकडे पातळ होत जातं. दांड्यावर उतरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचे खिळे पाहा: हाताने घडवलेल्या खिळ्यांची डोकी एकसारखी नसतात. दांडा बहुधा अ‍ॅश या युरोपीय झाडाच्या लाकडाचा, चौकोनी आणि कडा तासलेला, म्हणजे धार कुठे आहे हे मुठीला कळतं. गुळगुळीत गोल दांडा दिसला तर शंका घ्या. दांडा नंतर बदललेला असणं फार सर्रास आहे. तेवढ्यावरून शस्त्र नाकारू नका, भाव पाडून मागा.

घरी आणल्यावर गंज दिसला म्हणून पॉलिश पेपर मारू नका. घडणीच्या खुणा त्यासोबत निघून जातात. मऊ कापडाने मेणाचा पातळ थर पुरतो.