परसात कोणतं सफरचंद लावावं: बर्फातलं क्रॅबॲपल की कमी थंडीचं ॲना?

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात. त्यामुळे खानापूर-चंदगड पट्ट्यात काश्मीर नाहीतर हिमाचलात बर्फात पहारा देऊन आलेला एखादा तरी माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. ही मंडळी निवृत्त होऊन आली की भात, काजू, रताळी बघता बघता एक हौस मनात धरून असतात: परसात सफरचंदाचं झाड हवं.

माझे धाकटे मामा त्यातलेच. त्यांनी जांबोटीकडच्या आपल्या परसात सफरचंद लावलं नाही, क्रॅबॲपल लावलं. बोराएवढ्या, लालभडक, आंबट फळांचं रानटी सफरचंद. त्यांचं म्हणणं ऐकायला अगदी पटणारं होतं: “जे झाड उणे तीस अंशांत मरत नाही, ते आपल्याकडे कशानं मरेल?” झाडं मेली नाहीत हे खरं. पाच वर्षं उभी राहिली, पण एकही फूल आलं नाही. फांद्यांच्या टोकाला तेवढी उशिरा पालवी फुटायची आणि खालची फांदी उघडीच राहायची.

गेल्या दोन-तीन वर्षांत मला बऱ्याच जणांनी विचारलं की क्रॅबॲपल घ्यावं, की हल्ली रोपवाटिकांत मिळतं ते ‘ॲना’, की हिमाचलचं ‘एचआरएमएन-९९’. निवड करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण मामांची पाच वर्षं तिच्यापायीच गेली. थंडी सोसणं वेगळं आणि थंडी लागणं वेगळं. सफरचंदाचं झाड हिवाळ्यात झोपतं, आणि पुरेसे तास थंडी मिळाल्याशिवाय त्याचे डोळे, म्हणजे फांदीवरचे अंकुर, नीट जागे होत नाहीत. ढोबळ हिशेबात ७ अंशांखालचे तास मोजतात. काश्मीर-हिमाचलच्या डेलिशस जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात. आपल्या बेळगावात डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री साधारण १३-१४ अंशांवर थांबतात. म्हणजे आपल्या खात्यात जवळपास शून्य तास. मामांच्या झाडांची पालवी टोकालाच का फुटत होती, त्याचं उत्तर यात आहे.

मग क्रॅबॲपलचं एवढं नाव का? कारण उत्तरेच्या गोठवणाऱ्या मुलखात सफरचंद पोहोचलं ते त्याच्याच आधारानं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात पीटर गिडियन नावाचा माणूस १८५०च्या दशकात वस्तीला आला. त्यानं पूर्वेकडची चांगली चांगली सफरचंदं लावली आणि एकामागून एक हिवाळ्यांनी ती मारली. त्यानं नाद सोडला नाही. क्रॅबच्या बीपासून वाढवलेलं एक रोप शेवटी टिकलं आणि खाण्याजोगं फळ देऊ लागलं. त्या जातीला त्यानं बायकोचं नाव दिलं, ‘वेल्दी’. हे १८६८च्या सुमाराचं. कॅनडात ओटावाच्या सरकारी प्रयोगशेतावर विल्यम सॉंडर्स यांनी सायबेरियन क्रॅब, म्हणजे मॅलस बॅकाटा, घेऊन त्याचा मोठ्या सफरचंदांशी संकर केला. या क्रॅबचं फळ वाटाण्याएवढं, पण झाड उणे ४० अंशांतही तगतं. पहिल्या पिढीत काटकपणा आला, फळ मात्र लहानच राहिलं. मग त्या संकराचा पुन्हा मोठ्या सफरचंदाशी संकर, असं करत जावं लागलं. बीपासून वाढलेलं सफरचंद फळायला पाच ते आठ वर्षं घेतं. म्हणजे तीन पिढ्यांत माणसाचं निम्मं आयुष्य गेलं. साउथ डकोटाचे नील्स हॅन्सन तर रशियात हिंडून बी गोळा करून आले. त्यांनी १९१७ मध्ये दिलेलं ‘डोल्गो’ आजही त्या थंड मुलखात जेलीसाठी लावतात.

क्रॅबॲपलनं आणखी एक गोष्ट दिली, आणि आपल्या पावसाळी मुलखातल्या माणसाला ती कळायला हवी. जपानी फुलोऱ्याच्या एका क्रॅबमध्ये, मॅलस फ्लोरिबुंडा ८२१ मध्ये, खपलीला, म्हणजे ओल्या हवेत पाना-फळांवर पडणाऱ्या बुरशीच्या रोगाला, न बधणारा गुण सापडला. अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांनी मिळून अनेक पिढ्यांच्या संकरातून तो मोठ्या फळात उतरवला. तिथं क्रॅब खाण्यासाठी नव्हतं, गुण काढून घेण्यासाठी होतं. म्हणून कुणी म्हणालं की क्रॅबॲपल बिनकामाचं, तर मला राग येतो.

आता दुसरी बाजू. ‘ॲना’ इस्रायलमध्ये अब्बा स्टाइन यांनी तयार केलं. उष्ण, कमी थंडीच्या मुलखासाठीच केलेलं हे सफरचंद. ‘डॉर्सेट गोल्डन’ तर बहामा बेटांवर, नासाऊमध्ये, सापडलं. तिथं बर्फाचं नावही नाही. दोघांना तीनशे किंवा त्याहूनही कमी तास पुरतात असं मानतात. ॲनाचं फळ लांबट, लालसर आणि तोडल्या तोडल्या चविष्ट. पण ते टिकत नाही, थोड्याच दिवसांत पिठूळ होतं. बाजारासाठी लावणाऱ्यानं हे आधीच ध्यानात घ्यावं. उत्तर भारताच्या मैदानात ॲना फेब्रुवारीत फुलतं आणि जूनमध्ये तयार होतं. आपल्याकडेही वळीव आणि मृगाच्या तोंडावरच फळ हाती येईल असं धरून चाला.

‘एचआरएमएन-९९’ हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्याच्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांचं. घरामागे टाकलेल्या बियांतून उगवलेल्या रोपातून त्यांनी ते ओळखलं आणि वाढवलं. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. मला या माणसाबद्दल फार आदर आहे, कारण एका शेतकऱ्यानं डोळसपणे रोप जपलं आणि देशभर पोहोचवलं. पण रोप घेताना “हिमाचलातल्या उष्ण भागात येतं म्हणजे आपल्याकडे येणारच” हे वाक्य ऐकलंत तर थांबा. बिलासपूर आणि बेळगाव दोन्ही शहरं साधारण ७०० मीटरच्या आसपासची आहेत. मात्र बिलासपूर खूप उत्तरेला आहे, तिथल्या हिवाळी रात्री चांगल्याच गार असतात. उंची जुळली तरी रात्र जुळत नाही.

म्हणजे ॲनाचे तीनशे तासही आपल्याकडे भरत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तरीही मी ॲना सुचवतो, कारण थंडीची उणीव दुसऱ्या वाटेनं थोडीफार भरून काढता येते, आणि ती वाट अथणीकडच्या शेतकऱ्याला मी शिकवायची गरज नाही. डाळिंबाचा बहार धरताना पाण्याचा ताण देऊन पानगळ करतात, तसंच इंडोनेशियात जावा बेटावर बातू इथं सफरचंदाला करतात. फळ उतरलं की हातानं सगळी पानं काढायची. झाड गाढ झोपेत जाण्याआधीच नवे डोळे फुटतात आणि फूल येतं. तिथं हिवाळा नसूनही वर्षातून दोन पिकं घेतात. द्राक्षाच्या छाटणीनंतर डोळे फोडायला जे हायड्रोजन सायनामाइड लावतात, तेच अनेक देशांत सफरचंदालाही वापरतात. पण ते विषारी आहे, परसातल्या दोन झाडांसाठी मी ते घरात आणणार नाही. पानगळ पुरे.

जागेनुसार माझं मत बदलतं. कणकुंबी, जांबोटी, खानापूरच्या पश्चिमेला पाऊस इतका की मुळाशी पाणी साचून बुंधा कुजण्याची भीती पहिली. तिथं उताराची जागा आणि उंच गादी नसेल तर सफरचंद नकोच, फणस आणि काजूच बरे. अथणी, रायबाग, चिक्कोडीच्या पूर्वेला काळी जमीन आणि एप्रिल-मेचं ऊन. फळ उन्हानं भाजतं, सावलीची जाळी लागते. पण तिथल्या माणसाचा द्राक्ष-डाळिंबाचा हात पक्का असतो आणि तो हात अर्धं काम करतो. बेळगावच्या भोवतालचा, काकतीपासून हुक्केरीपर्यंतचा मधला पट्टा मला यासाठी सगळ्यांत बरा वाटतो. आणि एकरभर लावण्याआधी गोकाकजवळ अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात जाऊन बोला. मी स्वतः सहा झाडांच्या वर जाणार नाही.

ॲना एकटं लावू नका. सफरचंदाला दुसऱ्या जातीचा पराग लागतो आणि ॲनाच्याच वेळी फुलणारा जोडीदार म्हणजे डॉर्सेट गोल्डन. हिमाचलात बागेत परागासाठी मंचुरियन क्रॅबची झाडं मधे मधे लावतात, ते वाचून इथं क्रॅब लावायचा मोह होईल. जे झाड इथं फुलतच नाही, ते पराग कुठून देणार?

खुंटाबद्दल, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलेलं असतं त्याबद्दल, मात्र रोपवाटिकेत हटकून विचारा. बरेच जण जात विचारतात आणि खुंट विचारायचं विसरतात. एम-९ वरचं झाड बुटकं आणि लवकर फळणारं, पण मुळं उथळ, काठीचा आधार आणि ठिबक हवंच. एमएम-१०६ ला ओल्या जमिनीत बुंधाकूज लवकर धरते, आपल्या पश्चिम भागात तो टाळा. एमएम-१११ पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसतो आणि लोकरी मावा या रस शोषणाऱ्या किडीला दाद देत नाही. परसासाठी मी तोच घेईन. क्रॅबच्या बीचा खुंट दणकट असतो, झाड मोठं होतं, फळायला वेळ लावतं. जागा मोकळी असेल आणि घाई नसेल तर तोही चालेल.

आणि ज्याला खरोखर नवी जात काढायची हौस आहे, त्यानं गिडियनचं झाड आणू नये, त्याची रीत आणावी. इथं फळलेल्या ॲनाच्या बिया ओल्या वाळूत घालून दीड-दोन महिने फ्रीजमध्ये ठेवा, मग पेरा. पन्नास रोपं वाढवा. सफरचंदाची बी आईसारखं झाड देत नाही, म्हणून प्रत्येक रोप वेगळं निघेल. तिकडं हिवाळ्यानं निवड केली, इकडं निवड उन्हाळा आणि आपला पाऊस करेल. जे रोप पानगळीशिवाय जानेवारीत आपणहून सगळ्या फांदीवर फुटेल, त्याच्या डोळ्यांची कलमं बांधा. पाच-आठ वर्षांची तयारी ठेवा.

मामांची झाडं आम्ही तोडली नाहीत. मुळं पाच वर्षांची, उताराच्या जागेवर चांगली रुजलेली होती. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत बुंधे गुडघ्याएवढे ठेवून छाटले आणि एकावर ॲनाचं, दुसऱ्यावर डॉर्सेटचं पाचर कलम केलं. गेल्या पावसाळ्यानंतर मामांनी स्टुलावर चढून एकेक पान हातानं काढलं. यंदा ॲनावर फुलांचे सात झुबके आले. डॉर्सेट अजून नुसतं पालवीत आहे, म्हणून फळ धरेल का ही शंका आहे. मामा रोज सकाळी मधमाश्या येतात का ते बघत तिथंच बसतात.