जिप्सीला कोणता लॉकर: आपोआप लागणारा की बटणाचा?

यवतमाळकडच्या एका शेतकरी मित्राची अडचण: पांदणीतल्या काळ्या चिखलात जिप्सीचं मागचं एक चाक गरगरतं, दुसरं ढिम्म. लॉकर म्हणजे ॲक्सलची दोन्ही चाकं जखडून एकत्र फिरवणारा भाग. आपोआप लागणारा ऑटोमॅटिक लॉकर बसवू की बटण दाबून हवेच्या दाबाने लागणारा एअर लॉकर?

खर्चात ऑटोमॅटिक सरळ स्वस्त. जुन्याच डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच) स्पायडर गिअर, म्हणजे आतले छोटे गिअर, काढून तो बसतो. क्राउन-पिनियनचं (इंजिनची ताकद ॲक्सलला देणाऱ्या गिअरजोडीचं) सेटिंग सहसा हलवावं लागत नाही. एअर लॉकरला आतली अख्खी केज (गिअरांचं घर) बदला, शिम (पातळ चकत्या) घालून बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली फट) जुळवा, वर कॉम्प्रेसर, नळी, वायरिंग. असं काम जाणणारा मिस्त्री तालुक्याला मिळेलच असं नाही. आणि पऱ्हाटीच्या खुंटात नळी तुटली की लॉकर लागतच नाही.

चालवताना मात्र पारडं फिरतं. ऑटोमॅटिक वळणावर खटखट करतो. ॲक्सिलरेटर दाबून वळलात तर टायर घासतात, ॲक्सलवर ताण येतो, ओल्या डांबरावर शेपूट सरकते. आखूड जिप्सीत हे जास्तच जाणवतं. एअर लॉकर बंद असला की गाडी जशीच्या तशी.

(टायर गुळगुळीत असतील तर आधी ते बदला. लॉकर लावून दोन्ही चाकं जागेवरच फिरतील.)

गाडी शेत ते गाव एवढीच, चालवणारा एकटा, तर मागच्या ॲक्सलला ऑटोमॅटिक. आठवड्याला नागपूरची वारी असेल आणि घरातले सगळेच चालवत असतील, तर पैसे साठवून एअर लॉकर.