घरी टायर बदलण्याचा संच: स्टँड चोख, बीड ब्रेकर कामचलाऊ

मोटारसायकलचा जुना टायर उतरवणं, नवा चढवणं आणि चाक बॅलन्स करणं (म्हणजे हलक्या बाजूला छोटी वजनं चिकटवून चाकाचा भार सगळीकडे सारखा करणं), या तिन्ही कामांचं सामान एकाच पेटीत देणारे संच मिळतात. पेटीत साधारण असं असतं: बॅलन्सिंग स्टँड, १२ मिलिमीटर जाडीचा शाफ्ट, चाक शाफ्टवर मधोमध धरणारे दोन सरकते शंकू, टायरची कडा उचकटायचे तीन टायर लिव्हर, रिमला ओरखडे पडू नयेत म्हणून प्लॅस्टिकचे रिम प्रोटेक्टर आणि टायरची कडा दाबून रिमपासून सोडवणारा एक बीड ब्रेकर. या सगळ्यात पैसे वसूल करतो तो स्टँड. लिव्हर बरे आहेत. बीड ब्रेकर मात्र नाइलाज म्हणूनच वापरावा.

आधी त्याचंच सांगतो. टायरची कडा, म्हणजे बीड, रिमच्या खाचेत घट्ट बसलेली असते; ट्यूबलेसमध्ये तर जास्तच. बीड ब्रेकरचा पाय रिमच्या काठाला अगदी खेटून टायरवर टेकायला हवा. पेटीतल्या ब्रेकरचा पाय अरुंद आणि गुळगुळीत असतो, त्यामुळे जोर वाढला की तो घसरून टायरच्या मध्यावर जातो. मग रबर नुसतं दबतं आणि बीड जागची हलत नाही. पायाखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला की घसरणं बरंच कमी होतं. दाबण्याआधी व्हॉल्व्हची सुई काढून सगळी हवा सोडायची, आणि चाक दोन लाकडी ठोकळ्यांवर किंवा एखाद्या जुन्या टायरवर आडवं ठेवायचं. ब्रेकची डिस्क जमिनीला टेकली आणि वरून जोर पडला, तर ती वाकायला वेळ लागत नाही. वाकलेली डिस्क पुढे प्रत्येक वेळी ब्रेकच्या लिव्हरमध्ये थरथर देत राहते.

टायर लिव्हर साधारण ३५ सेंटिमीटर लांब असतात आणि तेवढी लांबी पुरते. टोक थोडं जाड असल्यामुळे पहिला घास, म्हणजे बीडचा पहिला तुकडा रिमच्या काठावरून उचलून काढताना त्रास होतो. पुढचे सोपे जातात. घास लहान घ्यायचा, एका वेळी ५ सेंटिमीटरच्या आसपास. इथे ताकदीवर भर देणारे चुकतात. रिमच्या मध्यभागी एक खोलगट भाग असतो. लिव्हर जिथे लावलाय त्याच्या समोरच्या बाजूची बीड गुडघ्याने दाबून त्या खोलगटात उतरवली, तरच या बाजूला ढील मिळते. लिव्हर हलेनासा झाला, तर समोरची बीड वर चढून बसलीय असं खुशाल समजा. तिथे आणखी जोर केला की बीडमधली तार तुटते किंवा रिमला खोक पडते. साबणाचं दाट पाणी किंवा टायर पेस्ट दोन्ही बीडना सढळ हाताने लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, कारण ते रबर खराब करतं आणि टायर रिमवर घसरू लागतो. नवा टायर चढवण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवला तर नरम पडतो. रिम प्रोटेक्टर निसटून टायरच्या आत पडतात, म्हणून त्यांना दोरी बांधून ठेवा.

ट्यूब असेल तर ती आकार धरेल इतपतच हवा भरून आत घाला, आणि लिव्हरचं टोक गरजेपेक्षा आत जाऊ देऊ नका. नव्या ट्यूबला भोक बहुतेक वेळा इथेच पडतं. ट्यूबलेस असेल तर रबरी व्हॉल्व्ह टायरबरोबरच बदला.

आता स्टँड. शाफ्ट दोन्ही टोकांना बेअरिंगच्या जोड्यांवर नुसता टेकलेला असतो, ही रचना उत्तम आहे. पण बेअरिंग येतात ग्रीसने भरलेल्या. ग्रीस असलं की शाफ्ट जड फिरतो आणि हलका फरक दिसतच नाही. बेअरिंग रॉकेलमध्ये धुवून त्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला की स्टँडचं रूपच पालटतं. नंतर बॅलन्स झालेल्या चाकावर एका बाजूला ५ ग्रॅमचं वजन चिकटवून बघा. चाक आपणहून फिरून ते वजन खाली आलं पाहिजे. नाही आलं, तर अजून कुठेतरी घासतंय.

शंकू चाकाच्या बेअरिंगच्या आतल्या कड्यावर बसायला हवेत, ऑइल सीलच्या (बेअरिंगबाहेरच्या रबरी कड्याच्या) ओठावर नव्हे. शाफ्ट वाकडा आहे का, हे ओळखायची खात्रीची युक्ती अशी: चाकाची जड बाजू खाली आली की तिथे खडूने खूण करा, शंकू सैल करून शाफ्ट अर्धा फेरा फिरवा, पुन्हा आवळा आणि चाक सोडा. खूण त्याच जागी खाली आली तर शाफ्ट आणि शंकू सरळ. दुसरीकडे गेली तर दोष चाकाचा नाही, सामानाचा आहे. संच सरळ परत करा.

टायर चढवण्याआधी जुनी वजनं काढून नुसती रिम स्टँडवर ठेवायची सवय लावा. जड जागा बहुधा व्हॉल्व्हपाशी असते, पण नेहमीच नाही. टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती त्याची हलकी बाजू. ती रिमच्या जड जागेशी जुळवली की वजन कमी लागतं. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना, तेही तेव्हाच बघा. उलटा चढवलेला टायर पुन्हा उतरवण्याइतकं कंटाळवाणं काम नाही.

हवा भरताना बीड टप्पकन आवाज करून बसते. टायरवर छापलेल्या दाबाच्या मर्यादेपुढे कधीही जाऊ नका. नाही बसली तर हवा सोडा, पुन्हा साबण लावा, पुन्हा भरा. काठाजवळची बारीक रेषा रिमपासून चहूकडे सारख्या अंतरावर दिसली की टायर नीट बसला.

वजनं आधी मास्किंग टेपने लावून बघायची. व्हॉल्व्ह वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, अशा चारही जागी चाक सोडलं तरी स्थिर राहिलं पाहिजे. मगच रिम अल्कोहोलने पुसून, कोरडी करून वजनं चिकटवा. धुळीवर चिकटवलेलं वजन टिकत नाही. ४० ग्रॅमच्या वर लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजणं आम्हाला जास्त बरं वाटतं. एवढा खटाटोप कशाला? १७ इंची रिमच्या काठावर २० ग्रॅमचा फरक राहिला, तर ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला १५ च्या आसपास फेरे घेतं आणि त्या फरकाचा ओढा पावणेचार किलोच्या जवळ पोहोचतो. वेग निम्मा केला की ओढा चौथाईवर येतो, म्हणून हळू चालवताना काहीच कळत नाही आणि वेगात हँडल थरथरतं.

पेटीत व्हॉल्व्हची सुई काढायचा पाना आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा) नसतो; दोन्ही वेगळे घ्या. एक्सल मॅन्युअलमधल्या टॉर्कवरच आवळा, आणि गाडी हलवण्याआधी ब्रेकचा लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. चाक काढताना ब्रेकचे पॅड मागे सरकलेले असतात, त्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही.