सोयाबीनची शेतकरी कंपनी: बॅलन्स्ड स्कोअरकार्ड लावावं की ओकेआर?

शेतकरी उत्पादक कंपनीच्या बैठकीत पहिला आकडा विचारला जातो तो उलाढालीचा. बँक तोच विचारते, अधिकारी तोच विचारतात आणि हळूहळू संचालकही तोच विचारू लागतात. मग सभासदांचा माल कमी पडला की व्यापाऱ्याचं सोयाबीन कंपनीच्या बिलावर फिरतं. उलाढाल वाढते, सभासद मात्र आपली पोती मोंढ्यात आडत्याकडेच नेतो. हे थांबवायचं तर मोजायची रीत बदलावी लागते आणि त्यासाठी सल्लागार मंडळी हमखास दोन नावं पुढे करतात: बॅलन्स्ड स्कोअरकार्ड, म्हणजे कंपनीची चार बाजूंनी मोजणी, आणि ओकेआर (ऑब्जेक्टिव्ह्ज अँड की रिझल्ट्स), म्हणजे एक उद्दिष्ट आणि त्याचे मोजता येणारे निकाल. लातूर-धाराशिवकडच्या, सोयाबीन आणि तूर-हरभऱ्याची खरेदी करणाऱ्या पाचसातशे सभासदांच्या कंपनीने यातलं काय घ्यावं, एवढाच प्रश्न इथे आहे. माझं मत आधीच सांगतो. खरेदीचे दोन हंगाम पार पडले असतील तर स्कोअरकार्ड घ्या. ओकेआरची जागा वेगळी आहे.

स्कोअरकार्ड रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी 1992 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त मांडलं. हिशेबाचे आकडे होऊन गेलेलं सांगतात, पुढे काय होणार ते सांगत नाहीत, ही त्यांची मूळ तक्रार. म्हणून त्यांनी कंपनीकडे चार बाजूंनी पाहायला सांगितलं: पैसा, ग्राहक, आतलं कामकाज, आणि माणसांचं शिकणं व वाढ. या चार बाजू एकमेकींना जोडलेल्या असतात. माणसं तयार झाली तर काम सुधारतं, काम सुधारलं तर ग्राहक टिकतो आणि ग्राहक टिकला तर पैसा येतो.

शेतकरी कंपनीत मात्र एक अडचण लगेच उभी राहते. इथे शेतकरीच मालक, तोच माल घालणारा आणि खत-बियाणं घेणारा ग्राहकही तोच. त्याला जास्त भाव दिला की ग्राहकाची ओळ सुधारते आणि नफ्याची ओळ घसरते. ना-नफा संस्थांबद्दल लिहिताना कॅप्लन यांनीच 2001 मध्ये पैशाची ओळ वरून काढून तिथे संस्थेचा हेतू ठेवायला सुचवलं. आपल्याकडे शेतकरी कंपनी ना-नफा नसते, तरी हा बदल करावाच असं मला ठामपणे वाटतं. सगळ्यात वरची ओळ ही ठेवा: सभासदाने विकलेल्या दर शंभर पोत्यांपैकी कंपनीच्या काट्यावर किती आली? हा आकडा उलाढालीसारखा फुगवता येत नाही. मात्र तो मिळवायला गावोगावच्या गटप्रमुखांना विचारत फिरावं लागतं, आणि ते फिरणंच कामाचं आहे.

आतल्या कामकाजाची ओळ किती खरी असते ते ओलाव्यावरून कळतं. सोयाबीन 12 टक्के ओलाव्याच्या हिशेबाने विकलं जातं. खेडा खरेदीत घाईगडबडीत 14 टक्क्यांचा माल तसाच घेतला, तर वाळल्यावर क्विंटलमागे जेमतेम 97.7 किलो उरतो. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये धरला तर ही तूट सुमारे 121 रुपयांची झाली. हमाली, बारदाना, वाहतूक जाऊन कंपनीच्या हाती जे उरायचं, त्यातला मोठा हिस्सा इथेच गेला. ताळेबंदात हे मार्चनंतर ‘घट’ म्हणून दिसतं. खरेदीचा ओलावा आणि विक्रीचा ओलावा शेजारी-शेजारी लिहिणारी एक ओळ असेल तर त्याच आठवड्यात दिसतं. आणि उलट बाजूही पाहा: ओलावा मोजायचा मीटर कडक लावून वजनातली कपात वाढवली तर नफा वाढेल, पण पुढच्या वर्षी तो सभासद फिरकणार नाही. दोन्ही ओळी एका कागदावर असल्या की ही ओढाताण संचालकांच्या डोळ्यांसमोर राहते. स्कोअरकार्डची खरी ताकद हीच.

ओकेआरचा बाज वेगळा. एक उद्दिष्ट ठरवायचं आणि ते गाठल्याची खूण म्हणून तीन-चार मोजता येणारे निकाल लिहायचे. अँडी ग्रोव्ह यांनी 1970 च्या दशकात इंटेलमध्ये ही पद्धत बसवली, जॉन डोअर यांनी 1999 मध्ये ती गूगलमध्ये नेली. समजा उद्दिष्ट असं आहे: ‘या हंगामात पैसे लगेच देणारी कंपनी म्हणून नाव व्हावं.’ मग निकाल असे: काट्यापासून 48 तासांत खात्यात पैसे, प्रत्येक पावतीवर ओलावा आणि काडी-मातीची कपात वेगळी लिहिलेली, गेल्या वर्षी न आलेल्या शंभर सभासदांचा माल आला. हे मापाऱ्यापासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांना चटकन समजतं. स्कोअरकार्ड समजावायला एक बैठक पुरत नाही.

पण दोन ठिकाणी ओकेआर इथे अडखळतं. एक म्हणजे वेळापत्रक. तिमाही आढावा कारखान्याला किंवा सॉफ्टवेअर कंपनीला ठीक, आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर सोयाबीन रानात उभं असतं, त्या तिमाहीत खरेदीचा निकाल काय मोजणार? ओकेआर लावायचंच असेल तर पेरणीआधीचं बियाणं-खत, दसरा-दिवाळीची सोयाबीन खरेदी आणि जानेवारीनंतरची तूर-हरभरा असे हंगामाचेच तुकडे पाडा. दुसरं म्हणजे गूगलसारख्या ठिकाणी उद्दिष्ट मुद्दाम उंच ठेवतात आणि 70 टक्के गाठलं तरी ते यश धरतात. सर्वसाधारण सभेत ‘70 टक्के झालं’ म्हणून सांगा, सभासद उरलेल्या 30 टक्क्यांचा जाब विचारतील. त्यात त्यांचं भागभांडवल आहे, विचारणारच.

माणसांचं बळही बघावं लागतं. बहुतेक ठिकाणी एक सीईओ आणि एक हिशेबनीस. केंद्राच्या 10,000 शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेत व्यवस्थापन खर्चाला 3 वर्षांत 18 लाखांपर्यंत मदत मिळते, त्यानंतर सीईओचा पगार कंपनीलाच काढावा लागतो. स्कोअरकार्डची चौथी बाजू, माणसांचं शिकणं, इथे उपयोगी पडते: सीईओ सोडून गेला तर खरेदी कोण चालवेल, किती गटप्रमुखांना मीटर आणि काटा हाताळता येतो? ओकेआरमध्ये हा प्रश्न कुणी मुद्दाम काढला तरच निघतो. मात्र वीस-पंचवीस मोजमापांचा स्कोअरकार्ड तक्ता एवढ्या छोट्या कार्यालयात महिनाभरही टिकणार नाही. आठ ओळी पुरेत, आणि त्या खरेदी रजिस्टर व टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघणाऱ्याच असाव्यात. अपवाद फक्त गटप्रमुखांकडून येणाऱ्या पहिल्या ओळीचा. आणि यातल्या कुठल्याही एका आकड्यावर पगारवाढ बांधू नका. कपातीवर बक्षीस ठेवलं की मीटर कडक होतो, आवकेवर ठेवलं की ओला मालही चालतो.

कंपनी नवी असेल, पहिलीच खरेदी व्हायची असेल, तर चार बाजूंचा तक्ता भरायला आकडेच नसतात. तिथे एका हंगामापुरतं ओकेआर घ्या, वर दिलेल्या तीन निकालांसारखं. अनुदान संपत आलेली, गोदाम बांधून बसलेली आणि तरी सभासद दुरावलेली कंपनी असेल तर आठ ओळींचं स्कोअरकार्ड याच वर्षी सुरू करा. ठराव सप्टेंबरच्या सभेत घ्या, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पोत्यापासून ओलाव्याच्या नोंदी हाताशी येतील.