दोघांनी मिळून दिव्यांची रोषणाई कुठे पाहावी: गुलमंडी, नांदेड की त्रिपुरी पौर्णिमा?

लग्नानंतरची पहिली दिवाळी आपल्या मराठवाड्यात माणसांच्या गराड्यातच जाते. दिवाळसणाला जावई सासरी, घरात मेहुणे-मेहुण्यांचा गोंधळ, प्रत्येक नातेवाइकाकडे फराळाचं बोलावणं. नवरा-बायकोला दोघांनाच बाहेर पडायला एखादी संध्याकाळ मिळाली तरी खूप झालं. ती संध्याकाळ दिवे बघण्यात घालवायची असेल, तर माझ्या मते तीन ठिकाणं विचारात घ्यावीत: छत्रपती संभाजीनगरचा गुलमंडीचा जुना बाजार, नांदेडचा सचखंड गुरुद्वारा आणि दिवाळीनंतर पंधरवड्याने येणारी त्रिपुरी पौर्णिमा.

सगळ्यांत सोपा पर्याय बाजाराचा. पैठण गेटपासून टिळक पथाने गुलमंडीपर्यंत पायी जायचं, वाटेत माळा, आकाशकंदील, पणत्यांचे ढीग बघायचे, गुलमंडीवर गरम इमरती खायची आणि परत फिरायचं. गाडी लांब लावा, आत नेलीत तर सगळा वेळ हॉर्न ऐकण्यात जाईल. दिवस मात्र नीट निवडा. धनत्रयोदशीला खरेदीची झुंबड असते, शेजारी चालणाऱ्याशी बोलणंही होत नाही. लक्ष्मीपूजनाला घर सोडता येत नाही आणि सोडूही नये. पाडव्याची संध्याकाळ घ्या. खरेदी आटोपलेली असते, माळा तशाच लखलखत असतात आणि तो दिवस मुळात नवरा-बायकोचाच. सकाळी तिनं औक्षण केलेलं असतं, ओवाळणीत काय द्यायचं हे ठरलं नसेल तर बाजारात दोघांनी मिळून घेता येतं. सिडकोतलं कॅनॉट जास्त मोकळं आहे, पण तिथं जाणं म्हणजे एरवीच्या रविवारसारखंच वाटतं. पाडव्याला तरी गुलमंडीच.

नांदेडची तऱ्हा निराळी. तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक. गुरू गोविंदसिंगजींनी 1708 मध्ये इथंच देह ठेवला. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधून घेतली. दिवाळीच्या दिवसांत इथं गोदावरीचं पाणी आणून तख्तस्नान होतं, दीपमाला होते, आणि भाऊबीजेच्या सुमारास गुरुतागद्दीचा सोहळा असतो, कारण गुरू गोविंदसिंगजींनी कार्तिक शुद्ध द्वितीयेला गुरू ग्रंथ साहिबांना गुरुपद दिलं. पांढऱ्या भिंती आणि सोनेरी घुमट रोषणाईत बघणं म्हणजे डोळ्यांचं पारणं फिटणं. पण बाहेरून फोटो काढून माघारी फिरू नका. रहिरास म्हणजे संध्याकाळची प्रार्थना, ती झाल्यावर इथं दिवे लावून आरती होते, ही पद्धत सगळ्या गुरुद्वाऱ्यांत नाही. ती संपेपर्यंत आत बसा आणि मग लंगरमध्ये पंगतीला. तिथं शेजारी शेजारी मांडी घालून जेवताना कोण पाहुणा, कोण जावई, हे कुणी विचारत नाही, आणि नव्या जोडप्याला असा निवांतपणा दुसरीकडे सहसा मिळत नाही. डोकं झाकावं लागतं. बायकांना पदर किंवा ओढणी पुरते, पुरुषांनी मोठा रुमाल घरूनच न्यावा.

अडचण आहे ती अंतराची आणि तिथीची. परभणी-हिंगोलीची माणसं संध्याकाळी जाऊन रात्री घरी येऊ शकतात. संभाजीनगरहून मात्र सुमारे अडीचशे किलोमीटर पडतं, म्हणजे मुक्काम आलाच. तपोवन एक्सप्रेस जालना, परभणी करत नांदेडला जाते, पण सणात आरक्षण आधीच करून ठेवावं लागतं. शिवाय भाऊबीजेला बायकोला भावाकडे जायचं असतं. सोहळ्यासाठी तिची भाऊबीज मोडायला लावू नका.

आता त्रिपुरी पौर्णिमा. कार्तिक पौर्णिमेला शंकरानं त्रिपुरासुराला मारलं, म्हणून महादेवाच्या देवळांत त्या रात्री दिवे लावतात, त्रिपुरवात जाळतात, नदीकाठी पाण्यात दिवे सोडतात. ज्या देवळापुढे दगडी दीपमाळ आहे, तिथं जा. अंधार पडायच्या आधी पोरं खालून वर चढत जातात, प्रत्येक दगडी हातावर पणती ठेवतात, खालची माणसं तेलाची किटली आणि वाती वर पोचवतात. वारा असला की वरचे दिवे विझतात, परत कुणीतरी चढतं. खाली उभं राहून तुम्हीही वाती भिजवून देऊ शकता, कुणी अडवत नाही. बाजारात आणि नांदेडला दिवे बघायचे असतात, इथं ते लावायचे असतात. दोघांनी मिळून काही केल्याचं समाधान मला इथंच सगळ्यांत जास्त दिसतं, म्हणून एकच संध्याकाळ हाताशी असेल तर मी हीच सुचवेन. दिवाळी संपलेली असते, पाहुणे गेलेले असतात, फटाक्यांचा धूर नसतो. थंडीही बेताची असते, एक शाल दोघांना पुरते.

ज्योतिर्लिंगाचा हट्ट असेल तर वेरूळ, परळी, औंढा नागनाथ ही तिन्ही आपल्याच भागातली. पण तिथं रांगेत तास जातात आणि दिवे बघायला उसंत उरत नाही. वेरूळचं घृष्णेश्वर संभाजीनगरपासून तीस किलोमीटरवर असल्यानं मोह होतो. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगानं जावं लागतं, हे नव्या जावयाला आधी सांगा. आणि 2026 मध्ये कार्तिक पौर्णिमा 24 नोव्हेंबरला, मंगळवारी आहे. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, तेव्हा दिवसा कैलास लेणं आणि रात्री दिवे असा बेत त्या वर्षी करता येणार नाही. गावातलं नाही तर तालुक्याचं जुनं महादेवाचं देऊळ बघा, तिथं ओळखीची माणसंही भेटतील.

दोन्ही हवं असेल त्यांच्यासाठी एक वाट आहे. गुरू नानक जयंतीही कार्तिक पौर्णिमेलाच असते. म्हणजे 24 नोव्हेंबरला नांदेडला गेलात तर गुरुद्वाऱ्याची रोषणाई आणि गोदावरीत दिवे सोडणं एकाच संध्याकाळी होऊ शकतं. आधी नदी, मग गुरुद्वारा, असा क्रम ठेवा. उलट केलंत तर लंगर झाल्यावर घाटावर जायचं त्राण उरत नाही. गर्दी मोठी असेल. सासूबाई किंवा आई बरोबर येणार असतील, तर हा बेत टाळून गावच्या देवळातच जा.

पणत्या मात्र कुठंही जा, घरूनच न्या. नवी कोरी पणती तेल पिते, म्हणून दुपारभर पाण्यात भिजवून, पुसून, वाळवून घ्या. नदीत सोडायला मातीची पणती नेऊ नका, द्रोणात वात ठेवा आणि प्लास्टिकचं काही पाण्यात टाकू नका. काडेपेटी दोघांपैकी एकानं खिशात ठेवायची, आणि ती कोणी ठेवली आहे हे निघतानाच ठरवून घ्या.