लोकल सोडून लाईनच्या गाडीवर जायचं का? दोन्हीकडचा हिशोब

चाकणला कंपनीच्या गेटवर गाडीचा नंबर लावून बसलो की आठवड्याला एकतरी पोरगं विचारतंच, दादा लोकल सोडून लाईनची गाडी धरू का, तिकडं पैसे जास्त आहेत म्हणतात. लोकल म्हणजे शहराच्या आसपास माल पोचवणारी गाडी, लाईन म्हणजे लांब पल्ल्याचा ट्रक. मी आठ वर्षं लोकल मारली, आधी छोटा हत्ती, मग टाटा 407 टेम्पो, शेवटी आयशर, भोसरी चाकण तळेगाव रांजणगाव एवढंच जग होतं, आणि त्यानंतर सहा वर्षं दहा टायर गाडीवर होसूर, साणंद, इंदूर, दिल्ली. दोन्हीकडचं पाणी प्यालोय म्हणून सविस्तर लिहितो, उभ्या उभ्या गेटवर एवढं सांगून होत नाही.

आधी पैसा, कारण विचारणारा त्यासाठीच विचारतो. लोकलला मला शेवटी 18 हजार पगार होता, डबा घरचा, रात्री घरी, वरखर्च म्हणजे चहा. लाईनवर गेलो तेव्हा पगार 14 हजार आणि रोजचा भत्ता 500, महिन्यात 24 दिवस गाडी चालली की 12 हजार भत्ता, झाले 26 हजार, आणि गावात सांगताना सगळे हाच आकडा सांगतात. पण ढाब्यावर दोन वेळचं जेवण, चार चहा, अंघोळ, पार्किंग, मोबाईल असं धरलं तर दिवसाला 350 सहज जातात, त्याचे झाले 8,400. हातात राहिले 17,600. म्हणजे लोकलपेक्षा चारशे कमीच. घरचा डबा फुकट होत नाही हे मान्य, तो खर्च तिकडं वाचतो, पण ज्या आठ हजारांच्या फरकासाठी माणूस घर सोडतो तो फरक नुसत्या पगार-भत्त्यात नाहीच, हे आधी डोक्यात बसवा.

मग लाईनवाल्याकडे पैसा दिसतो तो कुठून येतो? डिझेलमधून. टोल आता फास्टॅगमुळे परस्पर मालकाच्या खात्यातून कटतो, 2021 पासून तिथं रोखीचा विषय संपला, पण डिझेलचं ॲव्हरेज मालक ठरवून देतो, एवढ्या किलोमीटरला एवढे लिटर, त्यातून वाचलं ते ड्रायव्हरचं. काही मालक पूर्ण ट्रिपच उक्ती देतात, वाटखर्च भागवून उरेल ते तुझं. चांगला हात असेल तर यात खरंच पैसे सुटतात, मला सुटले, आमच्या घरावरचा स्लॅब त्याच पैशातून टाकला.

पण जीव घेणारी गोष्टही हीच आहे. डिझेल वाचवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रल करणे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे, पुण्यातल्या माणसाला तिथल्या अपघातांचं वेगळं सांगायला नको. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिन तिला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, सारखं दाबून ब्रेकचं लायनर तापतं, आणि दहा टायर गाडी भरल्यावर एकूण 28 टनाच्या आसपास असते, ती तापलेल्या लायनरवर थांबत नाही. खंडाळा, कसारा, खंबाटकी, सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन, सगळीकडं हेच. जुलै 2023 मध्ये शिरपूरजवळ पळासनेरला ब्रेक फेल झालेला कंटेनर थेट ढाब्यात घुसला होता, त्या रस्त्यानं नेहमी जाणारे आम्ही लोक किती दिवस त्यावरच बोलत होतो. लोकलच्या ड्रायव्हरला हे कळायला वेळ लागतो कारण 407 पायाने थांबवायची सवय असते. मोठी गाडी गियरवर उतरवायची असते, घाट सुरू व्हायच्या आधी खालचा गियर टाकायचा, मधे उतारावर शोधत बसायचं नाही, आणि ब्रेकच्या हवेचं प्रेशर दाखवणाऱ्या काट्यावर नजर. म्हणून माझं स्पष्ट मत, मालकाचं ॲव्हरेज एवढं कडक असेल की न्यूट्रल केल्याशिवाय काही सुटतच नाही तर ती गाडी धरू नका, पगार कितीही सांगू दे.

आता वेळ. लोकलवाला म्हणतो मी रोज घरी असतो, बरोबर आहे, पण कितीला? मी सहाला निघायचो, साडेसातला गेटवर, चौदावा नंबर, डॉक म्हणजे माल उतरवायची जागा मिळायला दुपारचा एक, खाली होऊन पीओडी, म्हणजे माल पोचल्याची सहीची पावती, हातात पडेपर्यंत चार, तोवर अवजड गाड्यांची बंदी सुरू, मग आठनंतर ट्रॅफिकमधून घर, दहा वाजायचे. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर गाडी चालायची अन् दहा तास बसून जायचे. लाईनवर बसणं कमी आणि चालणं जास्त, भरलेली गाडी एकट्यानं दिवसाला चारशे साडेचारशे जाते, होसूरला साडेआठशेच्या वर अंतर म्हणजे दोन दिवस. मला स्वतःला गाडी चालवायला आवडतं त्यामुळं तिकडं मन जास्त रमलं, हे कबूल करतो. मात्र रिटर्न भाडं नाही मिळालं तर तिकडं एखाद्या ट्रान्सपोर्ट नगरात दोन-तीन दिवस पडून राहावं लागतं, आणि ते दिवस लोकलच्या गेटपेक्षा वाईट, कारण भत्ता चालू आहे का बंद यावरून फोनवर भांडण.

कायदा म्हणतो दिवसाला आठ तास, आठवड्याला 48, नोव्हेंबर 2025 पर्यंत त्यासाठी 1961 चा मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट होता, पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ट्रान्सपोर्टला लागू, आता त्याच्या जागी नवा लेबर कोड आलाय. मी दोन्हीकडं आठ तासांची ड्युटी कधी पाहिली नाही. फरक एवढाच की लोकलला दमलेला माणूस ट्रॅफिकमध्ये असतो, स्पीड वीस, आणि लाईनला दमलेला माणूस हायवेवर असतो, स्पीड साठ. रात्री दोन ते पहाटे पाच हा काळ मी कधीच चालवायचो नाही, पंपावर उजेडात लावून झोपायचो, कडेला शोल्डरवर नाही, कारण मागून ठोकतात आणि डिझेल, ताडपत्री, स्टेपनी सगळं चोरीला जातं. यावरून एका मालकाशी वाजलं होतं, ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाची, मुदत संपेल म्हणाला. ई-वे बिलाला 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि खरंच अडकलं तर मुदत संपायच्या आठ तास आधी किंवा नंतर वाढवता येते, ते ऑफिसात बसून मोबाईलवर होतं, त्यासाठी ड्रायव्हरनं झोप सोडायची गरज नाही.

लायसनचं थोडक्यात. छोटा हत्ती, पिकअप, 7,500 किलोच्या आतली गाडी साध्या एलएमव्हीवर, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर, चालते, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 ला तेच कायम केलं. दहा टायरला हेवी चढवावं लागतं, त्यासाठी एलएमव्ही किमान एक वर्षाचं पाहिजे आणि वय वीस पूर्ण, आठवी पासची अट 2019 ला गेली. नंतर दर पाच वर्षांनी रिन्यू. गॅस किंवा केमिकलचा टँकर धरणार असाल तर तीन दिवसांचं वेगळं ट्रेनिंग, त्याला पैसे बरे मिळतात पण पहिल्याच वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

अपघाताचं मात्र थोडं थांबून वाचा कारण मीही हे उशिरा शिकलो. गाडीच्या पॉलिसीत जो 15 लाखाचा अपघात विमा दिसतो तो मालक स्वतः चालवत असेल तर त्याचा, पगारी ड्रायव्हरचा नाही. पगारी ड्रायव्हरसाठी वेगळं प्रीमियम भरलेलं असतं, पॉलिसीवर तशी ओळ असते. गाडी धरायच्या आधी पॉलिसीचा फोटो मागा, मालक देत नसेल तर समजून जा. ओव्हरलोडचंही तसंच, दंड 20 हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार, तो कोण भरणार हे आधीच बोलून घ्या. माझे एकदा पगारातून कापले होते, भरताना मी नको म्हणालो होतो तरी.

शरीराचं म्हणाल तर कंबर दोन्हीकडं जाते. लोकलला अर्धी हमाली स्वतःच करावी लागते, लाईनला पावसात ताडपत्री बांधणं सोडलं तर उचलाउचल नाही, पण पाणी कमी पिणं, कुठंही काहीही खाणं, बसून बसून मूळव्याध, मुतखडा, शुगर. माझी शुगर तिसऱ्या वर्षी निघाली.

आणि घर. लोक म्हणतात आठवण येते, ती येतेच, पण त्रास साध्या साध्या गोष्टींनी जास्त होतो. आमच्या घरचं गॅसचं बुकिंग माझ्या नंबरवर होतं, सिलेंडरवाला दारात उभा, ओटीपी माझ्या मोबाईलवर, आणि मी घाटात रेंजच्या बाहेर. दोनदा सिलेंडर परत गेला. शाळेचे मेसेज, बँक, लाईटबिल, आईच्या दवाखान्याचा नंबर, सगळं माझ्याच फोनवर. बायको एकदा म्हणाली तुमचा फोन घरी ठेवून तुम्ही गेलात तरी चालेल. रागानं म्हणाली नव्हती, खरंच तसं होतं. दुसऱ्या दिवशी एकेक करून सगळे नंबर तिच्या नावावर फिरवले.

आता मी काय करतो ते सांगतो म्हणजे माझं मत कळेल. मी ना पूर्ण लोकल ना पूर्ण ऑल इंडिया, फिक्स रूटवर आहे, चाकण-होसूर, जाताना पार्ट्स येताना पार्ट्स, रिटर्नची वाट बघायची नाही, सहाव्या दिवशी घरी असतो. मार्केट लोडच्या, म्हणजे मिळेल ते भाडं उचलणाऱ्या गाडीपेक्षा यात वरचे पैसे थोडे कमी पण पक्के. घरात दुसरं कर्तं माणूस असेल, डोक्यावर मोठं कर्ज असेल, लेकरं अजून लहान नसतील किंवा लग्नच झालं नसेल तर दोन-तीन वर्षं लाईन करा, जमेल. घरी आजारी माणूस आहे आणि बघणारे तुम्ही एकटेच, तर लोकल सोडू नका, त्यापेक्षा लोकलमध्येच मालक बदला, गेटवर थांबण्याचे पैसे देणारे मालक असतात, शोधावे लागतात.

आणि नोकरी सोडायच्या आधी एक ट्रिप सेकंड ड्रायव्हर म्हणून करून बघा, ओळखीच्या माणसाबरोबर, दिवाळीनंतर, पावसाळ्यात नको. घाट रात्री त्याला उतरवू द्या, तुम्ही शेजारी बसून त्याचा गियर कधी पडतो ते बघा. परत आल्यावर झोप कशी लागते आणि हातात नक्की किती उरले ते वहीत लिहा, त्यानंतर मालकाला सांगा.