वसई की कोर्लई? हाताशी एकच दिवस असेल तर

किल्ला फोटोपुरता बघायचा असेल तर दोन्ही सुंदर आहेत, कुठंही जा. पण परमुलखात येऊन बसलेल्या पोर्तुगीजांनी आपलं बंदर राखायचा विचार कसा केला हे समजून घ्यायचं असेल, तर मात्र निवड विचार करून करावी. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता, उत्तरं वेगवेगळी काढली.

वसईचं उत्तर सरळ होतं: सगळं शहरच तटाच्या आत घ्यायचं. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना तोडून दिली आणि पुढं इथं चर्च, मठ, हवेल्या, बाजार, गोदी असं सगळं एकाच तटात उभं राहिलं. एका अंगाला समुद्र, एका अंगाला खाडी, आणखी एका बाजूला खाजण. त्यामुळं शत्रूला धड उभं राहायला जागा एकच, उत्तरेकडची जमीन. आराखडा बघताना हा फायदा वाटतो. पण शत्रू कुठून येणार हे जसं आतल्यांना ठाऊक, तसंच आपण सगळं बळ कुठं लावायचं हे बाहेरच्यालाही ठाऊक.

१७३९ साली चिमाजी आप्पांनी नेमकं तेच केलं. त्याआधी १७३७ मध्येच साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं बेट) आणि ठाणं पोर्तुगीजांच्या हातून गेलं होतं. ठाण्याचा किल्ला तर तेव्हा बांधूनही पुरा झाला नव्हता. म्हणजे वसईचा मागचा मुलूख आधीच तुटला. समुद्राकडून मराठ्यांच्या बाजूचे आरमारी सरदार मानाजी आंग्रे यांची नाकेबंदी. गोव्याहून मदत यावी, तर त्याच सुमारास मराठी फौजा गोव्यातही शिरलेल्या. मुंबईच्या इंग्रजांनी चर्चमधली चांदी तारण ठेवून घेऊन कर्ज दिलं, शेजारधर्म तेवढाच. उत्तरेच्या बाजूला मराठ्यांनी सुरुंग लावून सेबस्तियन बुरूज पाडला, मराठ्यांचीही हजारो माणसं कामी आली, आणि पाऊस तोंडावर असताना मे महिन्यात किल्ला हाती आला. शिबंदी आणि रहिवासी यांना सामानसुमानासह मानानं जाऊ दिलं, हेही विसरू नये. समुद्राकडचा तट या लढाईत जवळजवळ बघ्याच्या भूमिकेत होता.

मुंबईकरांनी मात्र धडा पटकन घेतला. वसई पडल्यावर त्यांच्या कोटाभोवती खंदक खोदायचं काम निघालं आणि त्यासाठी व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली.

आता कोर्लई. खरं तर रेवदंडा आणि कोर्लई ही जोडी एकत्रच बघायची. कुंडलिका नदीच्या मुखाशी उत्तरेला रेवदंडा, म्हणजे पोर्तुगीजांचं चौल. दक्षिणेला समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहानं चौलला वेढा घातला तेव्हा शहर टिकलं. पण समोरचा डोंगर मोकळाच होता. पुढं दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानं त्यावर किल्ला बांधायला घेतला आणि बंदराची मानगूटच त्याच्या हाती आली. रेवदंड्याच्या पुळणीवर उभं राहून समोर बघा, नकाशाची गरज पडत नाही. १५९४ साली पोर्तुगीजांनी तो डोंगर हल्ला करून घेतला आणि मग स्वतःच त्याची तटबंदी केली.

वर चढलात की रचना कळते. माथा लांबट आणि अरुंद, त्यावर आडव्या भिंती घालून कप्पे पाडलेत, कप्प्याकप्प्याला दरवाजा. एक कप्पा गेला तर मागं हटून पुढचा लढवायचा. वसईत हे नाही. तिथं तट फुटला की थेट शहरच. अर्थात कोर्लईलाही शेवटी उपयोग झाला नाही. वसई गेल्यावर एकटं चौल राखून करायचं काय? १७४० च्या तहात ते मराठ्यांना मिळालं.

माझं मत विचाराल तर आधी कोर्लई. बंदराचं रक्षण करणाऱ्याला जे दिसायला हवं, ते तिथं एका नजरेत दिसतं: मुख, डोंगर, शहर, मारा कुठून कुठं पोचतो ते. वसईत तेच समजायला तटाबाहेरून फिरावं लागतं, आणि शहर वाढल्यामुळं उत्तरेचं मोकळं रान आता मनानंच उभं करावं लागतं. पण लढाईच्या इतिहासात रस असेल, किंवा चढण झेपत नसेल, तर वसईच बरी. तिथं सपाट चालणं आहे आणि चर्चचे अवशेष असे की पाय निघत नाही. कोर्लई गावात अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात, ती कानावर पडली तर तो वरचा लाभ.

जायचं कसं, तर वसई रोड स्टेशनवरून बस किंवा रिक्षा करा, अर्ध्या दिवसात परत. कोर्लईला अलिबाग, रेवदंडा करत जावं लागतं, पूर्ण दिवस धरा आणि पाणी सोबत घ्या. मुंबईहून निघणार असाल तर एक बघा: गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात. जूनमध्ये विचार करत असाल, तर तूर्त वसई.